चार कोपऱ्यांचा गठ्ठा

टेबलावर कार्डांचे सहा गठ्ठे होते, सगळे पांढऱ्या फितीत बांधलेले. शिवाय एक कात्री, दोन पेन, गार झालेल्या चहाचे तीन कप आणि मावशीचा चष्मा. भिंगने पुन्हा एकदा सगळं मोजलं. कप तीनच, पेन दोनच आणि गठ्ठे... सहाच!

"मावशी, गठ्ठे सात हवेत ना?"

"सातच आहेत. नीट मोज." मावशी टेबलावर कपाळ टेकून बसली होती. तिनं डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"दोनदा मोजले. 'उतरणे' नाहीये!"

आता मात्र मावशीचं डोकं खाडकन वर आलं. तिनं चष्मा चढवला, गठ्ठे उलटेपालटे केले, टेबलाखाली पाहिलं, कचऱ्याच्या टोपलीत पाहिलं आणि पुन्हा खुर्चीत बसली.

"उद्या दुपारी पानं छापखान्यात जायची आहेत," ती म्हणाली. "बाकीचे सहा शब्द किरकोळ आहेत, होतील. पण 'उतरणे'..." आवाज चढवायलाही तिच्यात त्राण उरलं नव्हतं.

मावशी शब्दकोश बनवायची. त्यासाठी एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर एवढी एक खोली होती. या सुट्टीत ती सगळ्यांना पोहायला नेणार होती. पण कोशाचा हा खंड काही संपेना, आणि मुलांना घरी एकटं ठेववेना, म्हणून तिघंही रोज तिच्याबरोबर इथे येऊन बसत. तिच्या बहिणीची मुलगी भिंग कुठलीही वस्तू नाकाशी धरून पाहायची. भिंगचा धाकटा भाऊ लिंबू, कारण त्याचं तोंड कायम आंबट. आणि मावशीचा स्वतःचा मुलगा घाई. त्याचं नाव घाई का, हे कुणाला सांगावं लागत नसे.

"मी सांगतो कुठे गेला ते!" घाई म्हणाला. "चोरी! सरळ सरळ चोरी!"

"कार्डं कोण चोरतंय?" लिंबू जमिनीवर पसरलेला होता, तिथूनच बोलला. "मला कुणी फुकट दिली तरी नकोत."

भिंग मात्र टेबलाखाली वाकून पुन्हा शोधत होती. त्या गठ्ठ्यात तिचंही एक कार्ड होतं.

सुट्टीच्या सुरुवातीला मावशीनं 'उतरणे'ची कार्डं जमिनीवर मांडली, तेव्हा घाईनं लगेच जाहीर केलं होतं, "उतरणे म्हणजे वरून खाली येणे. झालं! चला पोहायला!"

"असं?" मावशी म्हणाली होती. "मग हे वाच."

त्या कार्डावर कुठल्याशा जुन्या कादंबरीतलं वाक्य होतं. वाटसरू अंधार पडल्यावर गावातल्या शिक्षकाकडे उतरला.

"शिक्षक खाली राहत असेल," घाई म्हणाला.

"टेकडीवर राहतो. मागच्याच पानावर लिहिलंय. तिथे उतरला म्हणजे मुक्कामाला राहिला. आता हे बघ."

मग एकेक कार्ड पुढे येत गेलं. एका जुन्या नाटकात प्रधान राजाच्या मनातून उतरला होता. एका कवितेत पहाटे बाळाचा ताप उतरला होता आणि आईच्या डोळ्यांवर झोप उतरली होती. एका कथेत चित्रकाराला हवं तसं चित्र उतरत नव्हतं. दुसऱ्या एका कथेत पाहुणा उशिरा आला, तोवर भाजी उतरली होती.

"चुलीवरून?" लिंबूनं विचारलं होतं.

"नाही रे, आंबली. खराब झाली."

"बिचारा!" लिंबूला पहिल्यांदाच साहित्यात रस वाटला होता.

"अर्थ मी ठरवत नाही," मावशीनं सांगितलं होतं. "लिहिणाऱ्यांनी शब्द कुठे कुठे कसा वापरलाय, ते बघायचं. मग एकसारखी वाक्यं एकत्र ठेवायची. ढीग जितके, अर्थ तितके. पण एका अर्थाला तीन पुस्तकं हवीत, तीन वेगळ्या लेखकांची. दोनच मिळाली, तर तो अर्थ बाहेर."

'वजन भरणे' या अर्थाच्या ढिगात दोनच कार्डं होती. म्हणून भिंग एका व्यापाऱ्याचं जाडजूड प्रवासवर्णन घेऊन बसली. त्याची पानं पिवळी होती आणि व्यापारी तर भयंकर कंटाळवाणा होता! प्रत्येक बंदरात तो फक्त भाव लिहायचा. भिंगला वाचता वाचता कितीदा डुलकी लागली. शेवटी परवा तिला ते वाक्य सापडलं: 'पावसाळी हवेंत मिठाचें पोतें जड उतरतें, सबब शहाण्यानें मीठ उन्हांत तोलून घ्यावें.'

मावशीनं तिच्याच हातानं कार्ड लिहायला लावलं आणि म्हणाली, "हा अर्थ तुझ्यामुळे कोशात जाणार. शब्द लिहून झाला की या कार्डाचा कोपरा तू कापायचास."

कोपरा कापणं हा इथला मोठा मान होता. शब्द लिहून झाला की प्रत्येक कार्डाचा फोटो काढून संगणकात ठेवत. मग सगळ्या कार्डांचा उजवीकडचा वरचा कोपरा कात्रीनं उडवत आणि गठ्ठा लाल फितीत बांधून माळ्यावर टाकत. काम राहिलेल्या गठ्ठ्याला पांढरी फीत असे. 'उतरणे'चे फोटो अजून निघालेच नव्हते. गठ्ठा गेला म्हणजे सगळंच गेलं!

"आता काय करशील, मावशी?" भिंगनं विचारलं.

"एवढी पुस्तकं उद्यापर्यंत पुन्हा चाळून होणार नाहीत. कोशाची समिती म्हणेल, एका शब्दासाठी खंड थांबत नाही. 'उतरणे: खाली येणे' एवढं छापून मोकळे होतील." मावशीनं डोळे चोळले. "मीच कुठेतरी ठेवला असेन. काल इतकी दमले होते, की जिना कसा उतरले तेही आठवत नाही."

"काल शेवटी काय केलंस? आठव ना!"

"गठ्ठा सुटला होता. तो बांधला. दिवा बंद केला."

भिंग टेबलाभोवती फिरली. मग ती जमिनीवर बसली आणि तिची नजर लिंबूच्या हातावर खिळली. तो एक लाकडी रीळ फरशीवर गडगडवत होता.

"हे कुठे मिळालं?"

"टोपलीत. रिकामंच आहे. मी चोरलं नाही!"

भिंगनं रीळ नाकाशी धरलं. खाचेत पांढऱ्या फितीचा नखाएवढा तुकडा अडकला होता. ती टेबलाशी गेली. लाल फितीचं रीळ मात्र भरलेलं होतं आणि टोक ताजं कापलेलं, कात्री शेजारीच.

"मावशी! पांढरी फीत काल संपली. मग तू गठ्ठा कशानं बांधलास?"

मावशीनं लाल रिळाकडे पाहिलं. हळूहळू तिचा चेहरा उतरला.

"लालनं," ती म्हणाली. "म्हटलं, सकाळी बदलू."

"म्हणजे 'उतरणे' माळ्यावर गेलं!" घाई ओरडला आणि माळ्याच्या शिडीवर चढलासुद्धा. वरून त्याचा आवाज घुमला, "आई! माळा रिकामा आहे! अगदी झाडून पुसून चकाचक!"

'चकाचक' हा शब्द कानी पडताच तिघांच्याही डोक्यात एकच माणूस आला.

कार्यालयाचे व्यवस्थापक खाली बसत. मुलं आपसांत त्यांना चकाचककाका म्हणत. मावशी तिघांना घेऊन खाली गेली, तेव्हा ते कपाटाची काच पुसत होते.

"माळा? सकाळी रिकामा करून टाकला!" ते खुशीत म्हणाले. "लाल फितीचं सगळं पोत्यांत भरून रद्दीच्या गोदामात पाठवलं. टेबलावरचा एक लालसुद्धा सोडला नाही. बघा, किती मोकळं वाटतंय!"

"साहेब, टेबलावरच्या गठ्ठ्याचं काम व्हायचं होतं," मावशी म्हणाली.

"अहो ताई, लाल फीत म्हणजे काम झालं. नियम तुमचाच ना?"

"कोपरे पाहिले होते का, काका?" भिंगनं विचारलं.

"कोपरे कोण बघत बसतं? फीत बघायची, उचलायचं, टाकायचं!" त्यांनी काचेवर फुंकर मारली. "आणि आता तिथून काही परत मिळायचं नाही. पोती तोलून झाली. संध्याकाळी लगद्याच्या कारखान्याची गाडी येते. ताई, तुम्ही दमलाय. घरी जा, झोपा जरा."

मावशी जिन्याच्या पायरीवर बसली. "बरोबर आहे त्यांचं," ती पुटपुटली. "चूक माझीच. मी वर जाते. जेवढं आठवेल तेवढं लिहिते."

"आठवून लिहिलेलं चालतं का?" भिंगनं विचारलं.

"नाही चालत," मावशी म्हणाली आणि कठड्याला धरून वर गेली.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"किती लांब आहे ते गोदाम?" लिंबूनं विचारलं.

"जवळच आहे!" घाई म्हणाला.

ते अजिबात जवळ नव्हतं. ऊन डोक्यावर, रस्ता लांबच लांब, आणि दुकानांची दारं अर्धी ओढलेली. वाटेत लिंबू प्रत्येक सावलीत थांबत होता. "माझे पाय माझे राहिले नाहीत," असं तो दर वळणावर सांगत होता.

"मग कुणाचे झाले? त्यांना सांग लवकर चालायला!" घाई पुढून ओरडायचा.

गोदाम म्हणजे पत्र्याचं मोठं छप्पर. आत कागदाची पोती पार वरपर्यंत रचलेली आणि दाराशी दोन वजनकाटे, एक पोत्यांचा, एक लहान. लहान काट्यामागे गोदामवाल्या काकू पुठ्ठ्यानं वारा घेत बसल्या होत्या. भिंगनं त्यांना सगळं सांगितलं. घाई मधूनमधून "लवकर सांग!" म्हणत होता.

"तुमच्या कार्यालयाची पोती ती, कोपऱ्यातली," काकू म्हणाल्या. "शोधा की! पण एक सांगते, पोरांनो. वजन कळवून झालंय. कारखान्यात पुन्हा तोलतात. कमी भरलं तर माझ्याशी भांडतात, आणि आज भांडायला माझ्या अंगात जोर नाही. जेवढं काढाल, तेवढ्याच वजनाचा दुसरा कागद घालायचा. कबूल?"

"कबूल!" घाईनं एका पोत्याचं तोंड सोडलंसुद्धा. गठ्ठेच गठ्ठे, सगळे लाल! तो एकेक काढून वरचं कार्ड वाचू लागला. "आठवणे... आणणे... आवरणे... अरे, हे तर आवरतच नाहीये!"

"असं केलंस तर गाडी येईपर्यंत एक पोतंही व्हायचं नाही," भिंग म्हणाली. "आणि सगळं बाहेर काढलं तर परत भरणार कोण?"

"मी नाही," लिंबूनं लगेच स्पष्ट केलं.

भिंगनं एक गठ्ठा हातात घेऊन नाकाशी धरला. उजवीकडचा वरचा कोपरा सगळ्या कार्डांचा कापलेला होता. त्यामुळे तिथे गठ्ठ्याला एक तिरपी, गुळगुळीत बाजू आली होती. तिनं डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. टोक, टोक, टोक... आणि मग उतार.

"वाचायचंच नाही!" ती ओरडली. "हात घालून चाचपायचं! काम झालेल्या गठ्ठ्याला तीनच टोकं लागतात. आपला गठ्ठा चार टोकांचा आहे!"

"चार टोकं. डोळे मिटून?" लिंबूनं विचारलं.

"मिटले तरी चालतील."

"पडून केलं तर?"

"तरी चालेल!"

लिंबूच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी गोडवा आला. तो एका पोत्यावर आडवा झाला, शेजारच्या पोत्यात खांद्यापर्यंत हात घातला आणि डोळे मिटले. बाकी दोघांनीही चाचपायला सुरुवात केली. आत उकाडा होता, धूळ नाकात जात होती. हात दुखायला लागले. टोक, टोक, टोक, उतार. पुन्हा टोक, टोक, टोक, उतार.

"सापडला!" घाईनं एक गठ्ठा उपसून काढला. चार टोकं! पण कार्डं कोरी होती. कुणीतरी नवी कार्डंही लाल फितीत बांधून ठेवली होती आणि काकांनी तीही उचलली होती!

"आता मला रडू येईल," घाई भिंतीला टेकून म्हणाला. त्याच्या तोंडून असं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. काकू उठल्या आणि कारखान्याच्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "आधी पाणी पी. मग मागच्या रांगेपासून भर."

भिंगनं पुढचं पोतं ओढलं. तिला सारखं ते पिवळं पान दिसत होतं आणि तो कंटाळवाणा व्यापारी. तिच्याशिवाय ते पुस्तक इतक्यात कुणी उघडलंही नसतं.

"ताई," लिंबू डोळे न उघडता म्हणाला, "टोक, टोक, टोक, टोक. हे चालेल का?"

त्याचा हात बाहेर आला. हातात लाल फितीतला गठ्ठा होता. सगळ्यात वरच्या कार्डावर लिहिलं होतं, उतरणे. भिंगनं कडेकडेनं कार्डं चाळली. खालून तिसरं तिच्या अक्षरातलं होतं.

"लिंबू!" घाईनं त्याला गदागदा हलवलं. "तू झोपेत जग जिंकशील!"

"मग झोपू दे ना," लिंबू म्हणाला.

"पण वजन?" भिंगला एकदम आठवलं. "बदल्यात काय घालायचं?"

घाईचे डोळे चमकले. "मला माहितीये! आलोच!" आणि तो उन्हात दिसेनासा झाला.

गाडीत पोत्यांच्या रांगा चढत होत्या. शेवटी कोपऱ्यातली तेवढी उरली, तेव्हा घाई धापा टाकत आला. त्याच्या काखेत कॅलेंडरांचा ढीग होता, लाल फितीत बांधलेला! त्याच्या मागून मावशी येत होती, पदरानं घाम पुसत.

"ही कॅलेंडरं काकांच्या कपाटावरची ना?" भिंगनं विचारलं. "ती ते कुणाला हात लावू देत नाहीत!"

"मागच्या वर्षीची आहेत, तरी म्हणे नवीकोरी!" घाई हसत आणि दम घेत सांगू लागला. "काका काच पुसत होते. मी हळूच ढिगाला लाल फीत बांधली आणि विचारलं, काका, हे लाल फितीचं राहिलंय, नेऊ का? त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही! म्हणाले, लाल ना? मग विचारतोस काय, ने!"

काकू इतक्या हसल्या, की त्यांना पुठ्ठ्यानं वारा घ्यावा लागला.

मावशी पोत्यावर बसली. तिनं गठ्ठा मांडीवर घेतला, फीत सोडली आणि एकेक कार्ड पाहत गेली. ताप, मुक्काम, मन, चित्र, भाजी. मग मीठ. तिनं सगळी कार्डं पुन्हा टोकाला टोक जुळवून ठेवली.

"मी दमून हात टेकले होते," ती म्हणाली. "तुम्ही नाही टेकलेत. कोश बनवणाऱ्याला हेच यावं लागतं, बाकी सगळं शिकवता येतं. तिघांनीही फार मोठं काम केलंत रे."

"मी तर झोपून केलं," लिंबूनं प्रामाणिकपणे सांगितलं.

"सगळ्यात छान तूच केलंस!" मावशी हसली. मग भिंगकडे वळून म्हणाली, "फोटो काढले की कात्री तुझ्या हातात."

तेवढ्यात दाराशी चकाचककाका उभे राहिले, घामाघूम. "माझी कॅलेंडरं! नवीकोरी होती हो!"

"लाल फीत होती, काका," घाई म्हणाला.

काकांनी कॅलेंडरांकडे पाहिलं, मावशीच्या मांडीवरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं आणि त्याच्या चार टोकांकडेही पाहिलं. मग रुमालानं मान पुसत म्हणाले, "हुशार आहेत हो तुमची पोरं, ताई. कुठलाही गठ्ठा उचलण्याआधी इथून पुढे मी कोपरे बघत जाईन."

"कौतुक झालं असेल तर गठ्ठा लहान काट्यावर ठेवा," काकू म्हणाल्या. "गाडी खोळंबलीये. आधी याचं वजन, मग तेवढी कॅलेंडरं."

"उन्हात नेऊन तोलू या का?" भिंगनं विचारलं. "आमच्या घामानं ओलसर झालाय, जड भरेल."

"ही कोण व्यापारी आली?" काकू म्हणाल्या. "ठेव मुकाट्यानं!"

मावशीनं फीत पुन्हा बांधली. भिंगनं गठ्ठा दोन्ही हातांनी काट्यावर ठेवला आणि हात बाजूला घेतले. आकडे पळाले, मागेपुढे झाले, थांबले.

गठ्ठा आठशे तीस ग्रॅम उतरला.